कारागीर कलावंत : विष्णुपंत दामले

लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी नदी पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते. तिच्या काठी देहू आणि आळंदी ही दोन पुण्यक्षेत्रे वसलेली आहेत. देहू हे संत तुकारामांचे गाव. आळंदीस संत ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतली. नदीच्या एका बाजूस पिंपरी, चिंचवड आणि भोसरी येथील कारखाने पसरले आहेत. दुसऱ्या बाजूस, ज्या भामचंद्र डोंगरावर तुकाराम चिंतनास जाऊन बसत, त्याच्या परिसरात चाकणची कारखानदारी उभी राहिली आहे. एकीकडे टाळमृदंगाचा नाद आणि दुसरीकडे यंत्रांची घरघर, असा हा प्रदेश आहे. भक्ती आणि यंत्र यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणासही वाटेल. परंतु या दोहोंचा सुंदर मेळ घालणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. त्याने यंत्राच्या साहाय्याने तुकारामांस आणि ज्ञानेश्वरांस पडद्यावर आणले, आणि तेही असे की, एकदा पाहून लोकांचे समाधान होईना. तीच चित्रे ते पुनःपुन्हा पाहू लागले. या पुरुषाचे नाव विष्णुपंत गोविंद दामले.

विष्णुपंतांचा जन्म 14 ऑक्टोबर 1892 रोजी पेण येथे झाला. पेण हे गाव त्या वेळी कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. विष्णुपंतांस चित्रकलेची ओढ होती, आणि तिच्याइतकीच ओढ यंत्रांचीही होती. सुंदर वस्तू पाहिली की ती कागदावर उतरवावी आणि चालते यंत्र पाहिले की ते आतून कसे चालते याचा शोध घ्यावा, अशा दोन वृत्ती त्यांच्या ठिकाणी एकत्र नांदत होत्या. पुष्कळ माणसांच्या अंगी यांपैकी एकच वृत्ती असते. दोन्ही वृत्ती ज्याच्या अंगी असतात, त्याच्या हातून काही वेगळेच कार्य घडते.

त्या काळी कोल्हापूर हे कलावंतांचे माहेरघर होते. छत्रपती शाहू महाराजांच्या उदार आश्रयाखाली तेथे गायक, चित्रकार, मल्ल आणि नट यांचा मेळावा जमला होता. तेथे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोन चुलतभाऊ राहत. नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगविण्याचे काम ते करीत. त्यांनी रंगविलेल्या पडद्यांची ख्याती दूरवर पसरली होती, आणि लोक त्यांस मेस्त्री म्हणण्याऐवजी पेंटर म्हणूनच ओळखू लागले होते. विष्णुपंत त्यांच्या हाताखाली शिकू लागले. गुरूच्या घरी राबावे, रंग तयार करावे, पडदे ताणावे, गुरूचा हात कसा फिरतो ते निरखावे आणि मग आपला हात चालवावा, ही शिकण्याची जुनी रीत. याच ठिकाणी विष्णुपंतांस शेख फत्तेलाल हे सोबती लाभले. फत्तेलाल मूळचे कागलचे. तेही पेंटर बंधूंचेच शिष्य. एक हिंदू, एक मुसलमान; एकाचे मन यंत्रांत रमणारे, दुसऱ्याचे रंगांत आणि आकृतींत. या दोघांची जी मैत्री तेथे जडली, ती विष्णुपंतांच्या अखेरच्या श्वासापर्यंत टिकली.

सन 1913 मध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात झळकला. आपल्या देशातील माणसाने तयार केलेले ते पूर्ण लांबीचे पहिले कथाचित्र होय. ते पाहून अनेकांस आश्चर्य वाटले. आनंदराव पेंटरांस मात्र नुसते आश्चर्य वाटले नाही. आपणही असे चित्र काढावे, असा त्यांनी ध्यास घेतला. पण चित्र काढण्यास कॅमेरा हवा. परदेशी कॅमेरा मागविणे ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हती. तेव्हा कॅमेरा आपणच करावा, असे त्यांनी ठरविले. ते काम पुरे होण्यापूर्वीच, 1916 साली, आनंदरावांचा अंत झाला. बाबूरावांनी आपल्या बंधूचे अपुरे स्वप्न पुरे करण्याचा निश्चय केला, आणि या कामी त्यांच्या उजव्या हातासारखे उभे राहिले ते विष्णुपंत दामले.

चलच्चित्रांचा कॅमेरा तयार करणे किती अवघड असते, हे समजून घेण्यासारखे आहे. पडद्यावरचे चित्र हलताना दिसते, परंतु फितीवरचे एकही चित्र हलत नसते. फितीवर एकामागून एक अशी असंख्य स्थिर छायाचित्रे असतात. मूकपटांच्या काळी एका सेकंदास सुमारे 16 छायाचित्रे घेत असत. याचा अर्थ असा की, कॅमेऱ्यातील फीत एका सेकंदात 16 वेळा पुढे सरकली पाहिजे आणि 16 वेळा अगदी निश्चल थांबली पाहिजे. ती थांबली असताना भिंगातून प्रकाश आत यावा. ती सरकत असताना एका झडपेने प्रकाशाची वाट अडवावी. फितीच्या कडेच्या छिद्रांत यंत्राचे दाते नेमके बसले पाहिजेत. दाता केसाएवढा चुकला, तर फीत फाटावी किंवा चित्र थरथरावे. असे नाजूक यंत्र कोणत्याही प्रशिक्षणावाचून, कोल्हापुरासारख्या ठिकाणी, लेथवर एकेक भाग कातून तयार करावयाचे होते. भाग करावा, बसवून पाहावा, तो जमला नाही की पुन्हा करावा, असे चालले होते. लोकांस हा वेडेपणा वाटला असल्यास नवल नाही. पण 1918 च्या सुमारास तो कॅमेरा चालू लागला. देशी माणसांनी देशी हत्यारांनी घडविलेला तो कॅमेरा होता.

याच सुमारास बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन केली. तानीबाई कागलकर या गायिकेने तिला द्रव्यसाहाय्य केले. त्या कॅमेऱ्याने सैरंध्री हा मूकपट तयार झाला, आणि 1920 च्या फेब्रुवारीत तो पुण्याच्या आर्यन चित्रगृहात दाखविण्यात आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा सिनेमा केसरी ही पदवी देऊन गौरव केला. विष्णुपंतांच्या वाट्यास पदवी आली नाही, आणि तिची अपेक्षाही त्यांनी केली नसावी. ते पडद्यामागचे काम करणारे होते. छायाचित्रण करावे, फिती धुवाव्या, रसायनांचे प्रमाण ठरवावे, बिघडलेले यंत्र दुरुस्त करावे, अशी नाना प्रकारची कामे ते करीत राहिले. प्रेक्षकांच्या टाळ्या पडद्यावर दिसणाऱ्यांस मिळतात. पण फीत धुताना रसायन थोडे तीव्र झाले तर नटाचा उत्तम अभिनयही काळ्या डागांत बुडून जातो, हे त्यांस ठाऊक होते. म्हणून आपल्या कामास त्यांनी कधी हलके मानले नाही.

पुढे 1928 मध्ये दामले आणि फत्तेलाल या जोडीने महारथी कर्ण हा मूकपट दिग्दर्शित केला. त्यानंतर आपण स्वतंत्रपणे काही करावे, असे कंपनीतील काही मंडळींच्या मनात आले. 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे तिचे पाच भागीदार होते. कुलकर्णी हे सराफीच्या धंद्यातील. त्यांनी भांडवल पुरविले. उरलेल्या चौघांजवळ होते ते आपल्या हातांचे कसब. तुतारी फुंकून उजाडत्या दिवसाची वर्दी देणारी स्त्री, हे प्रभातचे बोधचिन्ह पुढे घरोघर परिचित झाले. कंपनीत विष्णुपंतांस दामलेमामा आणि फत्तेलालांस साहेबमामा म्हणत. मालक आणि नोकर या नात्यापेक्षा हे मामाचे नाते त्या दोघांस अधिक शोभले.

प्रभातचा आरंभ मूकपटांनी झाला. पण लवकरच काळ बदलला. 1931 साली आलम आरा हा पहिला हिंदी बोलपट आला, आणि मुकी चित्रे पाहणारे लोक आता बोलणारी चित्रे मागू लागले. मूकपट काढणाऱ्या कंपन्यांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. जुनी विद्या एका रात्रीत अपुरी ठरली होती. ज्यांस नवी विद्या शिकता आली नाही, त्या कंपन्या हळूहळू बंद पडल्या. प्रभातपुढेही तोच प्रसंग होता. ध्वनिमुद्रणाचे यंत्र विकत घेता येईल. पण ते चालविणार कोण? ती जबाबदारी चाळिशीकडे झुकलेल्या दामल्यांनी आपल्या शिरावर घेतली.

बोलपटातील ध्वनीचे तंत्रही मोठे मौजेचे आहे. नटाच्या मुखातून निघालेला आवाज प्रथम विजेच्या लहरींत रूपांतरित करावयाचा. त्या लहरींनुसार एका दिव्याचा प्रकाश कमीअधिक व्हावयाचा. त्या प्रकाशाची छाप फितीच्या कडेला एका अरुंद पट्ट्यावर उमटवावयाची. चित्रगृहात याच्या उलट क्रिया घडते. त्या पट्ट्यातून जाणाऱ्या प्रकाशापासून पुन्हा वीज, आणि विजेपासून पुन्हा आवाज. बोलपटाच्या फितीवर सेकंदास 24 चित्रे असतात, आणि ओठांची हालचाल व शब्द यांत अंशमात्रही फरक पडून चालत नाही. दामल्यांनी हे सारे प्रत्यक्ष काम करीत शिकून घेतले. 1932 मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट प्रसिद्ध झाला. त्यात गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांनी भूमिका केल्या. शब्द स्पष्ट, गाणी सुरेल आणि चित्र स्वच्छ, असा तो बोलपट पाहून प्रेक्षक संतुष्ट झाले. उपलब्ध असलेल्या मराठी बोलपटांत तो सर्वांत जुना होय. त्या स्पष्ट शब्दांमागे उभा असलेला माणूस मात्र कोणास दिसला नाही.

1933 मध्ये प्रभातने कोल्हापूर सोडून पुण्यास येण्याचे ठरविले. एरंडवण्याच्या माळावर भव्य चित्रमंदिर उभे राहिले. चित्रीकरणासाठी प्रशस्त दालने, फिती धुण्याची रसायनशाळा, ध्वनिमुद्रणाची सोय, सुतारकाम, रंगकाम आणि शिवणकाम यांचे कारखाने, असे ते एक लहानसे नगरच होते. आज पुण्यात प्रभात रस्ता या नावाने जो मार्ग ओळखला जातो, त्याचे नाव या संस्थेवरूनच पडले. येथे दामले यंत्रविभाग सांभाळीत आणि फत्तेलाल कलाविभाग पाहत. शिस्त आणि नेटकेपणा यांबद्दल प्रभातचे नाव देशभर झाले. अनेक तरुण तेथे शिकून तयार झाले.

आता संत तुकाराम या बोलपटाची हकीकत सांगितली पाहिजे. प्रभातचे बहुतेक बोलपट शांतारामबापू दिग्दर्शित करीत, आणि त्यांची कीर्ती मोठी होती. दामले आणि फत्तेलाल यांनी तुकारामांच्या चरित्रावर बोलपट काढावयाचे ठरविले. कथा व संवाद शिवराम वाशीकर यांनी लिहिले. संगीत केशवराव भोळे यांनी दिले. गीतांचा भार शांताराम आठवले या तरुण कवीवर होता. त्यांनी तुकारामांच्या धाटणीचे एक गीत अशा काही तन्मयतेने रचले की, तो अभंग तुकारामांचाच असावा, असा पुष्कळांचा समज झाला.

तुकारामांची भूमिका कोणास द्यावी, हा सर्वांत कठीण प्रश्न होता. दामले-फत्तेलालांनी विष्णुपंत पागनीस यांची निवड केली. पागनीस हे गोड गळ्याचे गायक होते. परंतु रंगभूमीवर त्यांनी पूर्वी स्त्रीभूमिका केल्या होत्या. त्यामुळे हे कोमल वळणाचे नट तुकारामांच्या भूमिकेत शोभतील काय, अशी शंका प्रभातमध्येच व्यक्त झाली. निवड चुकली असती, तर सारा खर्च आणि सारे श्रम वाया गेले असते. परंतु जी वृत्ती कोमल म्हणून इतरांस उणी वाटत होती, तीच संताच्या मूर्तीस आवश्यक आहे, हे दामले-फत्तेलालांनी ओळखले होते. ते आपल्या निवडीवर ठाम राहिले.

तुकारामांची पत्नी आवली हिची भूमिका गौरी नावाच्या नटीने केली. चित्रातील आवली ही पोथीतील पतिव्रता नव्हे. ती हाडामांसाची बाई आहे. घरात दाणा नाही, मुले भुकेली आहेत, आणि नवरा विठ्ठलाच्या नामात दंग आहे. ती भांडते, ओरडते, रडते. आजारी मुलाला घेऊन ती देवळात जाते आणि हाती चप्पल घेऊन प्रत्यक्ष पांडुरंगास जाब विचारते. आणि तरीही डोंगरावर बसलेल्या नवऱ्यास भाकर पोचविण्यास ती विसरत नाही. तिचा राग हाही तिच्या मायेचाच एक प्रकार आहे, हे प्रेक्षकांस कोणी न सांगता कळते.

कथेतील दुष्ट पात्र म्हणजे सालोमालो. तो तुकारामांचे अभंग चोरून आपल्या नावावर गातो. रामेश्वरशास्त्री या विद्वान ब्राह्मणाचे मन तो तुकारामांविषयी कलुषित करतो. शास्त्री अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविण्याची आज्ञा देतो. तुकाराम ती आज्ञा पाळतात आणि नदीकाठी उपोषण करीत बसतात. वह्या पाण्यातून कोरड्या वर येतात. पुढे शिवाजी महाराज संपत्ती पाठवितात, ती तुकाराम नाकारतात. शेवटी गरुडावर बसून ते वैकुंठास जातात, आणि आवली आपल्या संसारात मागे राहते.

हे चमत्कार पडद्यावर दाखविण्याचे काम दामल्यांच्या यंत्रज्ञानाने केले. एकाच फितीवर दोनदा चित्रे घेणे, लहान आकृती मोठी भासविणे, एकाच्या जागी अनेक दाखविणे, या युक्त्यांत प्रभातचे कारागीर निष्णात होते. परंतु युक्ती हाती असली की ती पुनःपुन्हा वापरून लोकांस चकित करावे, असा मोह होतो. दामल्यांनी तो आवरला. चित्रातील बराचसा वेळ ते चमत्कारांस देत नाहीत. घर, अंगण, नदी, म्हैस, भाकरी, मुले आणि शेजारीपाजारी यांस देतात. त्या साध्या जीवनावर प्रेक्षकांचा विश्वास बसतो, म्हणूनच पुढे चमत्कारही खरा वाटतो. ज्याच्या हातात यंत्राची सारी शक्ती होती, त्यानेच ती किती बेताने वापरावी हे जाणले, यात त्याचा मोठेपणा आहे.

हा बोलपट 12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात प्रकाशित झाला. आठवड्यामागून आठवडे लोटले, तरी गर्दी ओसरेना. एकाच चित्रगृहात तो 57 आठवडे, म्हणजे वर्षाहून अधिक काळ, चालला. प्रेक्षकांत अशी माणसे होती की, ज्यांनी पूर्वी चित्रगृहाचे दारही पाहिले नव्हते. खेड्यापाड्यांतील वारकरी आले, कामकरी आले, वृद्ध स्त्रिया आल्या. काही जण पादत्राणे बाहेर काढून आत जात, असे सांगतात. पागनीस कोठे दिसले, तर लोक त्यांस वाकून नमस्कार करीत. तुकारामांची तसबीर म्हणून पागनीसांचीच छबी कित्येक घरांच्या भिंतींवर लागली.

एवढ्या लोकांनी हा बोलपट पुनःपुन्हा का पाहिला असेल? कथा तर सर्वांस आधीच पाठ होती. पुढे काय होणार, हे ठाऊक नसल्यामुळे आपण एखादी गोष्ट एकदा पाहतो. पण पुढे काय होणार हे ठाऊक असूनही जी गोष्ट पुन्हा पाहाविशी वाटते, तिच्यात काही निराळे सत्त्व असते. प्रथम पाहताना डोळे तुकारामांवर खिळतात. दुसऱ्यांदा पाहताना आवलीचे दुःख दिसू लागते. तिसऱ्यांदा सालोमालोची फजिती पाहून हसता हसता, दुसऱ्याचे यश न सोसणारा माणूस किती दीन होतो, हे उमजते. चौथ्यांदा फत्तेलालांनी उभारलेली घरे, ओसऱ्या आणि देवळे निरखावीत. पाचव्यांदा डोळे मिटून नुसते ऐकावे, म्हणजे दामल्यांनी आवाज किती निर्मळपणे टिपले आहेत, हे लक्षात येते. चांगल्या चित्राचे असे असते. ते बदलत नाही. पाहणारा मात्र दर वेळी थोडा मोठा झालेला असतो, आणि मागच्या खेपेस न दिसलेले काही त्यास या खेपेस दिसते. चांगले पुस्तक आपण जसे पुन्हा उघडतो, तसेच हे.

या बोलपटाची कीर्ती समुद्रापलीकडेही गेली. 1937 साली इटलीतील व्हेनिस शहरी भरलेल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविण्यात आला आणि त्यास सन्मानाचे प्रशस्तिपत्र मिळाले. मराठी भाषेचा एक शब्द न जाणणाऱ्या परीक्षकांसही देहूच्या वाण्याची ही कथा भावली. जी कला आपल्या मातीशी प्रामाणिक राहते, तिला परक्या मुलुखातही आपलेपणा लाभतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

यानंतर दामले-फत्तेलालांनी 1938 मध्ये गोपाळकृष्ण आणि 1940 मध्ये संत ज्ञानेश्वर हे बोलपट दिग्दर्शित केले. संत ज्ञानेश्वरमध्ये शाहू मोडक यांनी ज्ञानेश्वरांची भूमिका केली. रेड्याच्या मुखातून वेदमंत्र आणि चालणारी भिंत हे प्रसंग प्रेक्षकांनी मोठ्या कौतुकाने पाहिले. परंतु त्याहूनही मनात राहिली ती समाजाने वाळीत टाकलेल्या चार भावंडांची करुण कहाणी. 1941 मध्ये संत सखू हा बोलपट निघाला. त्याच्या दिग्दर्शनात या दोघांसमवेत राजा नेने हेही होते. एका मुसलमान चित्रकाराने आणि एका ब्राह्मण यंत्रज्ञाने मिळून वारकरी संतांची चरित्रे रंगवावी, आणि ती सर्व महाराष्ट्राने आपली म्हणावी, ही घटना विसरता येण्याजोगी नाही. संतांनी जो समतेचा उपदेश केला, तो या दोघांनी कोणताही गाजावाजा न करता आपल्या मैत्रीत आचरिला.

दिवस नेहमीच सारखे नसतात. भागीदारांत मतभेद झाले आणि 1942 मध्ये शांतारामबापू प्रभात सोडून गेले. त्याच काळात दामल्यांची प्रकृतीही ढासळली. अनेक वर्षांचे श्रम आणि दीर्घ आजार यांनी त्यांचे शरीर खंगले. 5 जुलै 1945 रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे 52 वर्षांचे होते. साहेबमामांचा जन्माचा सोबती गेला. प्रभातचे वैभवही पुढे फार दिवस टिकले नाही, आणि 1953 मध्ये कंपनी बंद पडली. फत्तेलाल 1964 मध्ये निवर्तले.

परंतु प्रभातची वास्तू ओस पडली नाही. 1960 साली भारत सरकारने त्याच जागेत चित्रपटविद्येचे शिक्षण देणारी संस्था सुरू केली. जेथे दामल्यांनी प्रभातचा यंत्रविभाग सांभाळला, तेथेच देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले विद्यार्थी ध्वनी, छायाचित्रण आणि दिग्दर्शन यांचे पाठ घेऊ लागले. 1964 मध्ये पुण्यासच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. त्याची आवश्यकताही मोठी होती. जुन्या काळच्या फिती ज्या द्रव्याच्या केलेल्या असत, ते चटकन पेट घेणारे आणि कालांतराने आपोआप कुजणारे असते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट असेच नाहीसे झाले. ज्या सैरंध्रीसाठी इतक्या कष्टांनी कॅमेरा घडविला, तो मूकपट आज आपणांस पाहावयास मिळत नाही. प्रभातच्या बोलपटांचे दैव त्या मानाने चांगले. दामले कुटुंबातील पुढच्या पिढीने त्यांतील अनेक बोलपट परत मिळवून जपले. संत तुकाराम आजही पाहता येतो, तो अशा जपणुकीमुळेच. एखादी गोष्ट पुनःपुन्हा पाहता यावी, म्हणून कोणीतरी ती निगुतीने सांभाळावी लागते. निर्माण करणाऱ्याइतकेच सांभाळणाऱ्याचेही ऋण मोठे असते.

पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि चाकण येथे लेथवर वाकून लोखंडाचा तुकडा कातणारे हजारो कामगार आहेत. त्यांच्या मुलांनी विष्णुपंत दामल्यांचे चरित्र विशेष अभिमानाने वाचावे. हत्यार धरणारा हात आणि कुंचला धरणारा हात हे वेगळे नसतात, हे या चरित्राने दाखवून दिले आहे. दाता केसाएवढाही चुकू नये म्हणून जो जपतो, तोच मनुष्य चित्रातील एखादा भाव खोटा वाटू नये म्हणूनही जपतो. दामल्यांपाशी मोठ्या पदव्या नव्हत्या आणि स्वतःचा गाजावाजा करण्याची हौसही नव्हती. जे काम हाती आले ते अचूक करावे, न येणारे शिकून घ्यावे, मित्राचा हात सोडू नये आणि आपल्या कौशल्याचा डौल मिरवू नये, एवढेच त्यांचे व्रत होते. त्या व्रताचे फळ म्हणून, त्यांच्यामागे इतकी वर्षे लोटल्यावरही, पडद्यावर इंद्रायणीचे पाणी वाहू लागते, वीणा झंकारते, आणि पाहणारे पुन्हा एकदा पाहत राहतात.